चार आणे शेकडा : अहमदाबादच्या महाजनांचा इतिहास

इ. स. १७२५ मध्ये अहमदाबाद शहरावर मोठे अरिष्ट ओढवले होते. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर गुजरातच्या सुभेदारीसाठी दिल्लीच्या सरदारांत जी चढाओढ सुरू झाली, तिच्यात निजामुल्मुल्काचा नायब हमीदखान याने कंठाजी कदम बांडे यांच्या मराठी फौजेचे साहाय्य घेतले. पुढे पिलाजी गायकवाडही या रणधुमाळीत उतरले. लढाया झाल्या, मोगल सरदार पडले आणि विजयी फौजा शहराच्या कोटाशी येऊन थडकल्या. फौजेची तनखा थकलेली, शहर श्रीमंत आणि वेशी राखण्यास कोणी समर्थ नाही, अशी स्थिती असता पुढे काय होणार हे सांगण्यास ज्योतिष्याची गरज नव्हती. तेव्हा नगरशेठ खुशालचंद यांनी स्वतःच्या पेढीतील द्रव्य देऊन शहराची लूट टाळली. महाराष्ट्रातील वाचकांना ही हकीकत थोडी अडचणीची वाटेल, कारण ज्यांच्या भयाने शहर कापत होते त्यांत आपलेच पूर्वज होते. परंतु इतिहासाच्या वहीत जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहाव्याच लागतात.

खुशालचंदांचा त्याग मोठा, यात शंका नाही. तथापि व्यापारी मनाला अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट त्यानंतर घडली. शहर वाचले, पेठा उघडल्या आणि व्यापारी मंडळी एकत्र जमली. एका घराने सर्वांसाठी पदरमोड केली, तर ती भरून काढणे हे सर्वांचे कर्तव्य होय, असे त्यांनी ठरविले. त्याप्रमाणे लेख करून देण्यात आला की, शहरात ज्या मालावर छाप पडेल त्या मालाच्या किमतीवर शेकडा चार आणे खुशालचंदांना व त्यांच्या वंशजांना द्यावेत. या लेखावर हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांच्या व्यापाऱ्यांच्या सह्या आहेत. कोणा बादशहाचे हे फर्मान नव्हे. बाजाराने आपण होऊन स्वतःवर बसवून घेतलेला तो आकार होता. ब्रिटिश अमलात या हक्काऐवजी ठरीव वार्षिक रक्कम नेमून देण्यात आली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांपर्यंत हा हक्क जिवंत होता. शंभर रुपयांमागे चार आणे ही रक्कम देणाऱ्याला जाणवत नाही. परंतु ती सर्वांनी, न चुकता आणि पिढ्यान्‌पिढ्या दिली, तर तिचा केवढा डोंगर होतो, हे अहमदाबादच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते.

खुशालचंदांचे आजोबा म्हणजे सुप्रसिद्ध शांतिदास झवेरी. मोगल दरबाराचे ते जवाहिरे. त्यांनी सरसपूर येथे बांधलेले चिंतामणी पार्श्वनाथाचे भव्य मंदिर १६४५ मध्ये शहजादा औरंगजेब गुजरातचा सुभेदार असता मशिदीत रूपांतरित झाले आणि पुढे शहाजहानने ते शांतिदासांना परत देण्याचा हुकूम केला, हे सर्वश्रुत आहे. १६५८ मध्ये शहजादा मुरादने गादीच्या लढाईसाठी त्यांच्या कुटुंबाकडून लाखो रुपये कर्जाऊ घेतले. मुराद कैद झाला, औरंगजेब गादीवर आला आणि शांतिदासांना आपल्या रकमेसाठी त्याच औरंगजेबापुढे उभे राहावे लागले. या बादशहानेही कर्जफेडीची व्यवस्था केली. कारण उघड आहे. शांतिदासांना दुखवणे म्हणजे अहमदाबादच्या साऱ्या पेठेला दुखवणे होते; आणि पेठ रुसली तर जकात कोठून येणार?

ही पेठ ज्या संस्थेत गुंफलेली होती तिचे नाव महाजन. मराठीत ‘महाजन’ हा शब्द थोर माणसासाठी अथवा आडनाव म्हणून वापरला जातो, आणि जुन्या कागदपत्रांत पेठेच्या वतनदाराला शेटे-महाजन म्हणत. गुजरातेत मात्र महाजन म्हणजे एका धंद्यातील सर्व व्यापाऱ्यांचा संघ. कापडवाल्यांचे महाजन, सराफांचे महाजन, धान्यवाल्यांचे महाजन, असे धंद्याधंद्याचे महाजन असे. कारागिरांच्या संघाला पंच म्हणत. महाजनाचा प्रमुख तो शेठ, त्याच्या हाताखाली सभेची वर्दी देणारा आणि हिशेब ठेवणारा गुमास्ता, आणि सर्व महाजनांच्या शिरोभागी नगरशेठ. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे : महाजन ही धंद्याची संस्था होती, जातीची नव्हे. एका महाजनात जैन व वैष्णव वाणी शेजारी शेजारी बसत. जातीचे नियम जातीने पाहावेत, धंद्याचे महाजनाने, अशी ती विभागणी होती. ती प्रत्येक वेळी काटेकोर राहिली असे मात्र नाही.

महाजनाचे काम काय? सुट्टीचे दिवस ठरविणे, उधारीची मुदत व वटाव ठरविणे, मापे व वजने यांवर नजर ठेवणे, दलाली आणि मजुरीचे दर नक्की करणे, सभासदांतील तंटे मिटविणे आणि लागा वसूल करणे. ‘लागा’ हा शब्द आज मराठी पेठेत फारसा ऐकू येत नाही, पण त्याचा सख्खा भाऊ ‘धर्मादाय’ जुन्या अडत्यांना चांगला आठवत असेल. गासडीमागे, खंडीमागे अथवा हुंडीमागे काही पै-आणे बाजूला काढावयाचे आणि ते मंदिर, पांजरपोळ, दुष्काळातील अन्नछत्र अशा कामी लावावयाचे. ही रक्कम व्यापाऱ्याच्या नफ्यात कधीच धरली जात नसे. वहीत तिचे खातेच निराळे. स्वातंत्र्योत्तर काळात आयकर खात्याने या खात्यावर बोट ठेवले आणि प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७९ मध्ये बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला की, गिऱ्हाइकाकडून धर्मादाय म्हणून घेतलेली रक्कम ही व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे. तो केवळ तिचा सांभाळ करणारा. जुन्या मुनिमांना हा निर्णय वाचून नवल वाटले नसणार. त्यांच्या खतावणीने तो निर्णय कितीतरी आधीच दिलेला होता.

पैसा उभारण्याची महाजनांची एक युक्ती तर आजच्या व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही अभ्यासावी अशी आहे. एखाद्या धंद्यातील सर्वांनी ठरवावयाचे की, अमुक दिवशी सारी दुकाने बंद राहतील, फक्त एक उघडे राहील. ते एक दुकान कोणाचे, याचा मग लिलाव करावयाचा. त्या दिवसाची सगळी विक्री एकट्याच्या पदरी पडणार म्हणून बोली चढत जाई आणि लिलावाची रक्कम महाजनाच्या फंडात जमा होई. गिऱ्हाइकाची गैरसोय नाही, दुकानदारांना विश्रांती, बोली जिंकणाऱ्याला धंदा आणि फंडाला पैसा. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ही प्रथा मोठ्या कुतूहलाने नोंदवून ठेवली आहे.

त्याच नोंदींत दोन प्रसंग आहेत, ते मुद्दाम सांगण्यासारखे आहेत. पहिला १८७२ मधला. अहमदाबादच्या कापडवाल्यांच्या महाजनाने कापडाला खळ देणाऱ्या कारागिरांचे दर कमी करण्याचे ठरविले. कारागिरांचाही पंच होता. त्यांनी कमी दराने काम करण्याचे नाकारले आणि सहा आठवडे खळ देणे बंद ठेवले. खळ नाही म्हणजे माल कोराच पडून राहणार. कापडाच्या धंद्यातील कोणालाही त्या सहा आठवड्यांतील गोदामांचे चित्र डोळ्यांसमोर आणता येईल. अखेर तडजोड झाली आणि दोन्ही संघांनी मुद्रांकित कागदावर सह्या करून पुढील दर बांधून घेतले. कारखाने-कायदे आणि कामगार न्यायालये यांच्या फार आधीचा हा करार होय. येथे व्यापारी हरले की कारागीर, हा प्रश्न गौण आहे. दोन्ही बाजूंना बोलणारे तोंड होते आणि त्या तोंडाच्या शब्दाला मागची सारी मंडळी बांधलेली होती, म्हणून तंटा मिटला. ज्या धंद्यात एका बाजूला संघ आणि दुसऱ्या बाजूला विखुरलेली माणसे असतात, तेथे तंटा मिटत नाही, तो दडपला जातो.

दुसरा प्रसंग १८७३ मधला, गवंड्यांचा. त्या वर्षी शहरात बांधकामे कमी होती. काही गवंडी पहाटे लवकर उठून जादा वेळ काम करीत आणि वरकड मजुरी मिळवीत; तर काहींच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत. तक्रार आली तेव्हा गवंड्यांचा पंच बसला व त्याने ठरविले की, सर्वांना पुरेल इतके काम नाही, तोवर कोणीही जादा वेळ काम करू नये. अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक या ठरावाला स्पर्धेवरील बंधन म्हणेल, आणि ते चूकही नाही. मेहनती माणसाचा हात त्याने धरला हे खरेच. परंतु मंदीत धंद्यातील निम्मी माणसे गाव सोडून गेली, तर तेजी आल्यावर हात कोठून आणावयाचे, हा विचार त्या निरक्षर गवंड्यांनी केला असावा.

शहराची रचनाही याच वृत्तीची होती. अहमदाबादच्या पोळी पाहिलेल्या वाचकांना हे सांगावयास नको. एक दरवाजा, आत अरुंद गल्ली, दोन्ही अंगांना लाकडी कोरीवकामाची घरे, मंदिर आणि पाखरांना दाणे टाकण्यासाठी उंच खांबावरील चबुतरा. पोळीचा स्वतःचा पंच असे. पोळीतील घर विकले गेले तर त्या व्यवहारातील काही भाग पोळीच्या सामाईक निधीत भरावा लागे आणि त्यातून दरवाजाची दुरुस्ती, पहारेकरी आदी खर्च भागे. शेजाऱ्याच्या घराची किंमत आपल्या घराच्या किमतीशी बांधलेली आहे, हे तत्त्व या व्यवस्थेत न बोलता सामावलेले होते. २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला तो याच जुन्या शहरामुळे.

मराठ्यांचा अंमल अहमदाबादेवर १७५३ मध्ये आला आणि मधला थोडा काळ वगळता तो १८१७-१८ पर्यंत टिकला. पेशवे व गायकवाड यांची ती वाटणीची सत्ता. त्या काळात शहराची भरभराट झाली असे म्हणता येत नाही. दुहेरी वसुलीने व्यापार थकला आणि तटबंदी ढासळू लागली. कंपनी सरकारचा अंमल बसल्यावर तटबंदी दुरुस्त करावयाची तर पैसा कोठून, हा प्रश्न आला. १८३० च्या दशकाच्या आरंभी त्यासाठी तूप आदी जिनसांवर आकार बसवून एक निधी उभारण्यात आला आणि त्याच्या समितीत अधिकाऱ्यांबरोबर शहरातील प्रतिष्ठित व्यापारी बसले. तट दुरुस्त झाला, रक्कम उरली आणि ती रस्ते व इतर सोयींकडे वळली. अहमदाबादच्या नगरपालिकेचे मूळ या तटनिधीत आहे. १७२५ च्या चार आण्यांची सवय असलेल्या पेठेला ही पद्धत परकी वाटली नाही, यात आश्चर्य ते कोणते?

मुंबईतही हीच लाग्याची रीत त्या सुमारास मोठ्या कामी आली. १८३२ मध्ये सरकारच्या हुकमावरून शहरातील मोकाट कुत्री मारण्यास आरंभ झाला, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर आली, हिंदू व जैन व्यापाऱ्यांनी दुकाने बंद केली आणि मोठा दंगा झाला. त्यातून मार्ग काढताना सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा, यांनी पुढाकार घेतला आणि १८३४ मध्ये मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. तिचा नित्याचा खर्च भागावा म्हणून व्यापाऱ्यांनी कापसासारख्या मोठ्या जिनसांच्या व्यवहारांवर लागा बसवून घेतला. मोतीशांची गलबते चीनला जात आणि त्या काळच्या चीनच्या व्यापारात अफूचा वाटा किती मोठा होता हे सर्वांना ठाऊक आहे. मुक्या जीवांच्या रक्षणाला लागलेले द्रव्य सर्वस्वी निर्मळ वाटांनी आले होते, असा दावा करता येणार नाही. तो न करणेच बरे.

आता ज्या काळाने अहमदाबादला ‘भारताचे मँचेस्टर’ केले, त्याकडे वळू. सुती, रेशमी आणि जरीचा अशा तीन धाग्यांवर अहमदाबाद लोंबते, अशी जुनी म्हण होती. इंग्लंडहून यंत्रावरचे सूत व कापड येऊ लागले आणि त्यांतील सुती धागा तुटण्याची वेळ आली. अशा वेळी रणछोडलाल छोटालाल या नागर ब्राह्मण गृहस्थांनी सूतगिरणी काढण्याचे मनात घेतले. ते पूर्वी सरकारी नोकरीत होते. पेढीची परंपरा त्यांच्या घरी नव्हती. यंत्रे मिळविण्याच्या कामी विलायतेत दादाभाई नौरोजींचे साहाय्य झाले. पहिली यंत्रसामग्री वाटेतच नष्ट झाली. अहमदाबादपर्यंत रेल्वे आलेली नव्हती, म्हणून नंतरची यंत्रे खंबायतच्या बंदरातून बैलगाड्यांवर लादून आणावी लागली. अखेर ३० मे १८६१ रोजी शहापूर भागात अडीच हजार चात्यांची गिरणी सुरू झाली. एक लाख रुपयांचे भांडवल! आज ही रक्कम ऐकून हसू येईल. परंतु त्या वेळी ती जमविण्यासाठी रणछोडलालांना वर्षानुवर्षे पेढ्यांचे उंबरठे झिजवावे लागले होते. भागधारकांत नगरशेठ प्रेमाभाईंसारखी जैन मंडळी होती. प्रेमाभाई हे खुशालचंदांचेच वंशज.

मुंबईच्या आणि अहमदाबादच्या गिरण्यांत एक मोठा फरक होता आणि तो भांडवलाचा होता. अहमदाबादच्या गिरण्यांचे भागभांडवल तुलनेने लहान असे. त्यांचा मोठा आधार म्हणजे लोकांच्या ठेवी. शहरातील सराफ, दुकानदार, नोकरदार, विधवा स्त्रिया, देवस्थाने आपली शिल्लक गिरणीच्या एजंटाकडे ठेव म्हणून ठेवीत आणि गिरणी त्या पैशातून कापूस घेई, प्रसंगी यंत्रेही घेई. तारण काय? काहीच नाही. शेठचे नाव हेच तारण. एजंटाचे कमिशन देखील अनेकदा निरनिराळ्या भागीदारांत वाटलेले असे, त्यामुळे एका गिरणीच्या बऱ्या-वाइटात शहरातील अनेक घरांचे हित गुंतलेले राही. गिरणीत काय चालले आहे याची बातमी संध्याकाळपर्यंत माणेक चौकात पोहोचत असे आणि शेठलाही ती पोहोचते हे पक्के ठाऊक असे. आजच्या भाषेत लेखापरीक्षण म्हणतात त्याचे हे एक घरगुती रूप होय.

वाणिज्य शाखेच्या कोणत्याही पदवीधराला यातील धोका लगेच दिसेल. दीर्घ मुदतीची मालमत्ता अल्प मुदतीच्या ठेवींवर उभी करणे हे हिशेबशास्त्राच्या दृष्टीने मोठेच साहस आहे. अफवा उठली की ठेवीदार एकाच वेळी दारात येणार आणि यंत्रे विकून तर पैसे परत देता येत नाहीत. अडचणीच्या काळात काही गिरण्या अशा कोसळल्याही. तरीदेखील ही पद्धत कित्येक दशके टिकली आणि तिच्यावर एका बंदर नसलेल्या, कोळसा नसलेल्या शहराने डझनावारी गिरण्या उभ्या केल्या. १८९१ मध्ये गिरणीमालकांचा संघ स्थापन झाला. नाव नवे, रीत महाजनाचीच. १९०६ मध्ये मस्कती मार्केटच्या कापड व्यापाऱ्यांनी आपले महाजन बांधले. गिरणी आणि गावोगावचा घाऊक व्यापारी यांच्यामध्ये उभे राहून उधारीची मुदत, वटाव, दलाली आणि खराब तागे परत घेण्याच्या अटी यांना शिस्त लावणे हे त्याचे काम.

महाजनाची दुसरी बाजू न सांगता पुढे जाणे अन्यायाचे होईल. ज्या दंडामुळे शिस्त राहत होती तो बहिष्काराचा दंड भयंकर होता. महाजनाने एखाद्यावर रोष धरला की त्याला माल मिळेना, हुंडी पटेना, प्रसंगी चाकर मिळेना. हा अधिकार नेहमी न्यायानेच वापरला गेला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शिवाय ज्यांना महाजनात आणि पंचात जागाच नव्हती, त्यांचे काय? गिरण्या निघाल्यावर अस्पृश्य मानलेल्या जातींतील अनेक कसबी विणकर कामाला आले. पण त्यांना सूतखात्यातच काम मिळे. मागखात्यात धोट्यातून धागा ओढून घेण्यासाठी तो तोंडाने शोषावा लागे आणि एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागतात, या सबबीवर सवर्ण विणकरांनी त्यांना तेथे येऊ दिले नाही. मागखात्यात मजुरी अधिक होती. पिढीजात विणणाऱ्यालाच विणण्याची मनाई, असा हा प्रकार होता. सहकार्याची भिंत आतल्यांना आधार देते तशीच बाहेरच्यांना अडवतेही, हे या एका उदाहरणावरून पुरेसे स्पष्ट होते.

मजुरांचा प्रश्न अखेर १९१८ मध्ये ऐरणीवर आला. प्लेगच्या साथीत मजूर शहर सोडून जाऊ नयेत म्हणून गिरणीमालकांनी जादा बोनस दिला होता. साथ ओसरल्यावर तो बंद केला. महायुद्धाची महागाई मात्र ओसरली नव्हती. मजुरांची मागणी वेतनात ३५ टक्के वाढीची, मालक २० टक्क्यांवर अडलेले. मालकांच्या बाजूचे अग्रणी अंबालाल साराभाई आणि मजुरांच्या बाजूला उभ्या राहिलेल्या त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. एकाच जैन घरातील भाऊ-बहीण असे समोरासमोर ठाकले. महात्मा गांधी मजुरांचे मार्गदर्शक होते. फेब्रुवारीत टाळेबंदी झाली, मार्चमध्ये मजुरांचा धीर सुटू लागला तेव्हा गांधीजींनी उपवास आरंभिला आणि तीन दिवसांत प्रश्न लवादाकडे सोपविण्याचे ठरले. आनंदशंकर ध्रुव हे लवाद. त्यांनी ३५ टक्के मान्य केले.

या लढ्याचे मोल टक्क्यांपेक्षा पुढे जे घडले त्यात अधिक आहे. १९२० मध्ये मजुरांची कायम संघटना स्थापन झाली, तिचे नाव ठेवले ‘मजूर महाजन’. जो शब्द शेठ-सावकारांच्या गादीवर शतकानुशतके बसला होता, तो आता साचेवाल्याच्या झोपडीत गेला. तंटे लवादाने सोडविण्याची रीतही दोन्ही बाजूंनी स्वीकारली आणि आरंभीच्या काळात मालकांच्या वतीने शेठ मंगलदास व मजुरांच्या वतीने स्वतः गांधीजी असे दोघे लवाद म्हणून बसत. १८७२ मध्ये खळ देणाऱ्यांशी ज्या पेठेने मुद्रांकावर करार केला होता, तिला हे मानणे तुलनेने सोपे गेले असावे. मुंबईच्या गिरणगावात संप आणि टाळेबंदी यांचे चक्र ज्या तीव्रतेने फिरत राहिले, तसे ते अहमदाबादेत फिरले नाही. अर्थात मजूर महाजनावर मवाळपणाचा आरोप झाला आणि तो करणारे सारेच आततायी होते असे नाही.

पैसा आला की तो कोठे जातो यावरून पेठेची परीक्षा होते. नगरशेठ हेमाभाईंनी १८४८ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटीला हात दिला होता. विसाव्या शतकात हेच काम कस्तुरभाई लालभाई यांनी केले. १८९४ मध्ये जन्मलेले कस्तुरभाई शांतिदासांच्याच घराण्यातले. वडिलांच्या निधनामुळे महाविद्यालय सोडून गिरणीत बसावे लागलेल्या या गृहस्थाने पुढे अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी उभी केली. १९४७ मध्ये गिरण्यांच्या सामाईक संशोधनासाठी ‘अटिरा’ ही संस्था निघाली आणि तिच्या उभारणीची धुरा तरुण विक्रम साराभाईंकडे आली. बाजारात एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणाऱ्या गिरण्यांनी एकाच प्रयोगशाळेत सूत तपासून घ्यावे आणि निष्कर्ष वाटून घ्यावेत, ही कल्पना अन्य कोणत्या शहरात इतक्या सहजतेने रुजली असती, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. १९६१ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था अहमदाबादेत आली, तिच्या मागेही हीच मंडळी होती.

१९८० च्या दशकापासून गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. यंत्रमागाचे स्वस्त कापड, कृत्रिम धाग्याची लाट, जुनी झालेली यंत्रे, आणि काही ठिकाणी गिरणीतला पैसा दुसरीकडे नेणारी नवी पिढी, अशी कारणे सांगितली जातात. हजारो मजूर घरी बसले. ठेवीदारांची पद्धत तर त्याआधीच बँकांच्या कर्जांनी मागे सारली होती. बँकेला माणेक चौकातली बातमी कळत नाही, तिला ताळेबंद कळतो. महाजन तेव्हाही होते, परंतु एका घराने पदरमोड करून तारावे आणि साऱ्यांनी चार आण्यांनी ती फेडावी, इतके हे अरिष्ट लहान नव्हते.

कापडाची पेठ मात्र उठली नाही. गिरण्यांच्या जागी रंगाई-छपाईचे कारखाने आले आणि त्यांना लागणारे कोरे कापड इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील मागांवरूनही येऊ लागले. अशा रीतीने महाराष्ट्राचा यंत्रमाग आणि अहमदाबादची पेठ पुन्हा एका धाग्यात आली. मस्कती महाजन आजही उभे आहे. माल गेला आणि पैसे थकले की आधी पत्र महाजनाच्या कचेरीत जाते, दोन्ही बाजूंच्या वह्या मागविल्या जातात आणि धंद्यातलीच चार माणसे समोर बसून हिशेब लावतात. त्यांच्याने जमले नाही तरच वकील.